दार वाजल्याची नोंद

४ जानेवारी

ठके,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. फाडून टाकायच्या आत एवढं वाच: कोणी गेलेलं नाही, कोणाचं लग्न नाही, आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. यातलं तिसरं खोटं आहे, पण ते पुढच्या पत्रात. एकाच शहरात राहून बावीस वर्षं आपण बोललो नाही, तेव्हा पहिलंच पत्र मागण्याचं नसावं एवढी लाज मला अजून आहे.

गेल्या सोमवारी पालिकेतून फोन आला. मला वाटलं, सात वर्षांपूर्वी निवृत्त होताना कुठल्यातरी कागदावर सही राहून गेली असेल. तर आपल्या संशोधन कक्षाची नवी प्रमुख बोलत होती. एकतीस वर्षांची पोरगी, चष्मा कायम डोक्यावर, आणि समोरच्याला वाक्य पुरं करू देते. आपल्या वेळी त्या इमारतीत असं कोणी नव्हतं, मी तर नव्हतोच.

तिची अडचण अशी. शहरात रुग्णवाहिकांची दहा ठाणी आहेत आणि चालक-परिचारक मिळून माणसं नऊच गाड्यांपुरती. नवी भरती दोन वर्षं तरी नाही. म्हणजे एक ठाणं बंद करायचं. कोणतं, ते ठरवायला तिनं आपलं जुनं सूत्र काढलंय. कुठून किती फोन येतात, आणि तिथलं ठाणं नसलं तर पुढची गाडी पोचायला किती मिनिटं जास्त लागतात, या दोन्हींचा गुणाकार. ज्याचा सगळ्यांत कमी, त्या ठाण्याला कुलूप. तिच्या यंत्रानं विणकर वस्तीचं नाव काढलं. आता जुना जाणकार म्हणून त्यावर माझी सही हवी आहे. "आपलं सूत्र" असं मी वर लिहिलं. अहवालावर नाव माझ्या एकट्याचं आहे, हे तू सांगायची गरज नाही.

मी तिच्याकडून मार्चपर्यंत मुदत मागून घेतली. विणकर वस्तीच्या आकड्यांकडे बघताना मला काचकारखान्यामागचं ठाणं दिसायला लागलं. मामाचं ठाणं. माझा मामा, तुझे बाबा. पण ठाणं आपल्या दोघांचं होतं. तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं, म्हणून ते बंद झालं. आता तसं होऊ नये असं वाटतं.

तुझी वहिनी बरी आहे. माझ्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या आहेत, त्यामुळे मी आता अधिक लवचीक झालो आहे असं ती सगळ्यांना सांगते.

तुझा
दादा

१९ जानेवारी

ठके,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललो नव्हतो, तरी पोस्टमन दिसला की फाटकापर्यंत चक्कर मारतो. वहिनी म्हणते, "एवढं तर आपल्या लग्नाआधी माझ्या पत्रांचीही वाट बघितली नसेल."

आज आपली खोली आठवत होती. गॅरेजच्या वरची. खाली गाड्यांची इंजिनं चालू झाली की टेबलावरचे पेले थरथरायचे आणि तू हाताचं कोपर कागदांवर ठेवून लिहायचीस. भिंतीवर शहराचा तो आडवातिडवा नकाशा, त्यात तू लाल टाचण्या लावायचीस आणि मी दोरा ताणायचो. नकाशावरचं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर यांचं पटत नाही हे कळल्यावर आपण स्कूटर काढली. तू चालवायचीस, मी मागे घड्याळ घेऊन. प्रत्येक ठाण्यापासून प्रत्येक वस्तीपर्यंत, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. एकदा चौकात पोलिसानं अडवलं, तर तू अगदी गंभीर तोंडानं सांगितलंस, "आम्ही रुग्णवाहिका आहोत." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग पेशंट हाच दिसतोय. जा, लवकर जा." चार मिनिटं वाया गेली, आणि ती वजा करायची की नाही यावर आपण संध्याकाळपर्यंत भांडलो.

ती तीन वर्षं मला फार आठवतात. तेव्हा मला वाटायचं, मोठं काम पुढे कधीतरी होणार आहे आणि ही त्याची तयारी आहे. तेच मोठं काम होतं, आणि ते तुझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर झालं.

आणि मामाचं घर. शिकायला म्हणून आलो आणि अकरा वर्षं राहिलो. समोर ठाण्याचं लोखंडी शटर, मध्ये आठ पावलांची गल्ली, इकडे आपलं दार. त्या भागात फोन होता कोणाकडे? कोणाला काही झालं की माणूस धावत यायचा आणि आपलं दार वाजवायचा. मामा जेवत असला तर हात पँटला पुसत उठायचा. मामी ओरडायची, "अहो, हे घराचं दार आहे की ढोल?" तोवर गाडी गल्लीच्या बाहेर. परत आल्यावर तू म्हणायचीस, "बाबा, वहीत लिहा ना." तो म्हणायचा, "माणूस पोचला ना दवाखान्यात? मग वही कुठं पळून जातेय?" आणि लिहायचं राहून जायचं. लिहिणार तरी कुठे? ठाण्याच्या वहीत रकाना एकच होता, फोन किती वाजता आला त्याचा. दार वाजल्याचा रकानाच नव्हता. म्हणून शहरातलं सगळ्यांत धावपळीचं ठाणं वहीत सगळ्यांत शांत दिसायचं. आयुक्तांनी मला विचारलंही होतं, "इथला चालक झोपा काढतो काय?"

आता तिसरी गोष्ट, जी मला तुझ्याकडून हवी आहे. विणकर वस्तीतही तसंच असावं असा माझा संशय आहे. मी तिथे बसून मोजणार आहे. पण पाणी मागायला आलेला, पत्ता विचारायला आलेला आणि खरोखर गाडीसाठी आलेला यांतला फरक दार वाजण्यावरून ओळखता येणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे. एक आठवडा येशील का?

दादा

७ फेब्रुवारी

ठके,

तू आली नाहीस, म्हणून एकटाच बसलो. विणकर वस्तीच्या ठाण्यासमोर चपला शिवणाऱ्याचं दुकान आहे, त्यानं बाकाचा अर्धा भाग मला दिला. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "साहेब, कोणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "आजारी माणसांची." त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

सात दिवसांत वहीत फोन बारा. ठाण्यावर येऊन गाडी घेऊन गेलेले एक्केचाळीस. सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहेत, ठके, तरी लोक धावत येतात. एका बाईला मी विचारलं, फोन का नाही केला? ती म्हणाली, "फोनवर बाई विचारते, वय किती, खूण काय, आधी कुठलं औषध चालू होतं. इथं येऊन नुसतं सासूबाई म्हटलं की गाडी निघते." मामाच्या वेळी दुसरं काय होत होतं?

संध्याकाळी कागद घडी करून ठेवताना मला माझंच पहिलं पत्र आठवलं. त्यात मी लिहिलंय की तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. ते खोडून टाक.

तुला माहीत होतं. आणि तू सांगितल्यावर मलाही माहीत होतं. तू रजा काढून पंधरा दिवस आपल्याच उंबऱ्यावर बसलीस, तू नसशील तेव्हा मामी खडूनं भिंतीवर रेघा मारायची. फोन नऊ, दारावर आलेले त्रेसष्ट. तू ते स्वच्छ अक्षरात एका पानावर मांडलंस, आणि ते माझ्या अहवालाचं सतरावं पान होतं. मी ते काढलं. तू का म्हणून विचारलंस, तेव्हा मी कारकुनासमोर म्हटलं, "बापाच्या ठाण्यासाठी लेकीनं केलेली मोजणी कोण धरणार?" तू टाचण्यांची डबी बंद केलीस आणि घरी गेलीस.

शास्त्राला धरूनच बोललो अशी माझी तेव्हा समजूत होती. मोजणारा निःपक्ष हवा, एकाच ठाण्याची मोजणी सगळ्यांना लावता येत नाही, वगैरे. पण मग उपाय सोपा होता: सगळ्याच ठाण्यांवर माणसं बसवायची आणि महिनाभर मोजायचं. मला तो महिना नको होता. आयुक्तांनी शुक्रवार दिला होता, बाहेरगावच्या परिषदेचं बोलावणं आलेलं होतं, आणि माझं सूत्र मला इतकं देखणं वाटत होतं की तुझं पान त्यावर ठिगळासारखं दिसायचं. खरं कारण एवढंच आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, वहिनीलाही नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मी लिहितो, कारण ते माझ्या हातानं लिहिलं गेलं पाहिजे. ठाणं बंद झालं. दोन वर्षांनी, भर दुपारी, मामा अंगणात कोसळला. मामी जुन्या सवयीनं गल्ली ओलांडून धावली आणि बंद शटरवर हात आपटत राहिली. मग भानावर आली, मग फोन शोधला. गाडी पोचायला एकतीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, अर्धा वेळ लागला असता तर वाचा राहिली असती. त्या महिन्याच्या नोंदी तूच उतरवत होतीस. ती ओळ मी कितीदा पाहिली आहे. ठाणं, वेळ, एकतीस. तुझं अक्षर जरासुद्धा हललेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तू शिक्षण विभागात बदली मागून घेतलीस. मी तुझ्या अर्जावर शिफारस लिहिली. मला वाटलं, तेवढं तरी करावं.

दादा

२६ फेब्रुवारी

ठके,

कक्षप्रमुख पोरीला मी सगळं सांगितलं. सतराव्या पानासकट. तिनं चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. मग म्हणाली, "सर, पण एका ठाण्याची मोजणी सगळ्यांना कशी लावायची?" माझाच प्रश्न. फरक एवढाच की तिनं विचारलं आणि लगेच शिकाऊ मुलामुलींना बोलावून दहाही ठाण्यांवर बसवलं. कोणीही आपल्या भागातल्या ठाण्यावर नाही, हीसुद्धा तिचीच अट. मी त्यांना एक दिवस शिकवलं. पाणी मागणारा दोनदा वाजवून थांबतो आणि गाडी मागणारा थांबत नाही, हे तुझं वाक्य मी तुझं म्हणूनच सांगितलं.

दोन आठवड्यांची मोजणी परवा संपली. दार वाजलेलं धरलं की विणकर वस्ती यादीत वरून तिसरी येते. तिला हात लावता येणार नाही. मग सगळ्यांत खाली कोण, तर वाचनालयाजवळचं ठाणं. म्हणजे आमचं. आमच्या भागातले लोक सभ्य आहेत, फोन करतात, एकानंही येऊन दार वाजवलं नाही. मी तीनदा गणित तपासलं. खोटं कशाला सांगू, तिसऱ्यांदा तपासताना चूक सापडावी असं मनात होतं.

घरी सांगितलं तर वहिनी भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "किती वेळ लागेल मग?"

"आत्ता सहा मिनिटं लागतात. मग पुलाजवळच्या ठाण्यातून येईल. एकोणीस."

"आणि तुमच्या त्या दोन स्प्रिंगांचं काय?"

मी तिच्या पुढ्यातली भाजी निवडायला घेतली. मग ती म्हणाली, "तुमच्या प्रायश्चित्ताला माझी गाडी कशाला? मीही याच घरात राहते ना?" मी म्हटलं, हे प्रायश्चित्त नाही, आकडा आहे. ती म्हणाली, "तुम्हाला दोन्हींतला फरक कधी कळला?" आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. विणकर वस्तीतल्या कुठल्या सासूबाईंसाठी आपल्या नवऱ्याची तेरा मिनिटं तिनं का द्यावीत?

आज बोलतोच आहे तर आणखी एक. मामा अंथरुणावर असताना सहा वर्षं मी दर मंगळवारी येत होतो, तू कचेरीत असताना. मामी म्हणायची, ठकीला कळलं तर घर डोक्यावर घेईल. मी मामाला शहरातल्या बातम्या सांगायचो, कुठला रस्ता रुंद झाला, कुठे नवी गाडी आली. एकदा मी त्याला सतराव्या पानाचंही सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि डाव्या हातानं आपला चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावून घेतला आणि रडलो. कदाचित त्याला चहा नको असेल.

मला मामाची फार आठवण येते. तुझ्यासमोर हे म्हणायचा हक्क नाही, म्हणून कागदावर म्हणतो.

दादा

११ मार्च

ठके,

काल पालिकेच्या समितीची बैठक झाली. सात माणसं, लांब टेबल. पोरीनं आकडे मांडले आणि मला बोलायला सांगितलं. मी रात्री जागून भाषण लिहिलं होतं, ते खिशातच राहिलं. मी तुझं सतरावं पान वाचलं.

हो, ते माझ्याकडे आहे. फाडलं नव्हतं. यात माझा चांगुलपणा काही नाही, तुझं अक्षर फाडायला हात धजला नाही. वाचून झाल्यावर सांगितलं की ही मोजणी चोवीस वर्षांपूर्वी माझ्या सहकारी बाईंनी केली, ती बरोबर होती, आणि ती अहवालातून मी काढली. माझ्या सूत्रावर ज्या ज्या शहरांनी ठाणी हलवली, त्यांना तसं कळवा, असंही म्हटलं. टेबलाच्या टोकाला बसलेले एक गृहस्थ, जे मला दर वर्षी सत्काराला बोलावतात, पेनाचं टोपण घालत-काढत राहिले.

मग एकानं विचारलं, "पण सर, वाचनालयाजवळ तर तुमचंच घर आहे ना? वाटल्यास दुसऱ्या नंबरचं ठाणं घेऊ. फरक थोडासाच आहे." खरंच थोडा आहे, ठके. आठवड्याला चार माणसांचा. त्या क्षणी मला वहिनीचं तोंड दिसलं आणि मी हो म्हणायच्या अगदी बेतात होतो. चौथ्या ओळीत तुझं 'त्रेसष्ट' होतं, त्याच्यावर बोट ठेवून बसलो आणि नाही म्हटलं.

मी सही केली. एक एप्रिलपासून आमचं ठाणं बंद. अहवालावर आता दोन नावं आहेत, तुझं आधी. तुझी परवानगी घेतली नाही, पण घ्यायची कशी, तू उत्तर देत नाहीस.

घरी आलो. वहिनीनं विचारलं, "केलीत?" मी मान हलवली. ती आत गेली, माझ्या गोळ्यांची डबी आणली, आणि छातीत दुखलं तर पहिली कुठली, दुसरी कुठली, ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग एकोणीस मिनिटांत काय काय करता येतं याची यादी करून फ्रिजवर लावली. ती अजून रागावलेली आहे.

मी तुला आता पुन्हा लिहिणार नाही. माफ कर असं लिहायला बसलो होतो, पण तो शब्द मामाच्या एकतीस मिनिटांसमोर फार छोटा दिसतो. तू होतीस म्हणून मला मोजता आलं, आणि तू गेल्यावर जे मोजलं त्यात मला कधी गोडी वाटली नाही, एवढंच खरं सांगायचं होतं.

दादा

१७ मार्च

दादा,

पाचही पत्रं मिळाली. पहिलं फाडणार होते, पण तू त्यात 'आपल्याला माहीत नव्हतं' असं लिहिलंस आणि मला इतका संताप आला की तू पुढे आणखी काय खोटं लिहितोस ते बघायला मी दुसऱ्याची वाट बघायला लागले.

बाबा सहा वर्षं बोलले नाहीत. ते मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस. मंगळवारचं मला माहीत होतं. आईला खोटं बोलता यायचं नाही, मंगळवारी ती माझ्याशी उगाच गोड वागायची. मी तुला अडवलं नाही, कारण मंगळवारी बाबा रात्री नीट जेवायचे.

तुझी एकोणीस मिनिटं चुकली आहेत. काल दुपारी चार वाजता मी पुलाजवळच्या ठाण्यापासून स्कूटर काढली आणि तुझ्या फाटकापर्यंत आले. बावीस लागली. त्या वेळी तुझ्या रस्त्यावरच्या दोन शाळा एकदम सुटतात, आणि तिथे राहून तुला ते माहीत नाही. तू अजून नकाशाच बघतोस. वहिनी गच्चीतले कपडे काढत होती, तिनं मला पाहिलं नाही. मी थोडा वेळ थांबले आणि परत गेले.

फ्रिजवरच्या यादीत तीन मिनिटं वाढवायला सांग. एकदा मोजून भागत नाही, म्हणून शनिवारी सकाळी पुन्हा येणार आहे. फाटकाची कडी काढून ठेव.

ठकी